यानातली चूल

१९८९ सालची गोष्ट. आर्वीच्या आमच्या घरी नुकताच टीव्ही आला होता. ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी खोक्यात बसवलेला, सरकत्या दाराचा. घराला गच्ची नव्हती, म्हणून अँटेना कवेलूंच्या वर बांबूला बांधला होता. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या येत आणि कुणीतरी एकानं बाहेर जाऊन बांबू फिरवायचा, हे ठरलेलं. दूरदर्शनवर तेव्हा ‘स्पेस सिटी सिग्मा’ नावाची मालिका लागायची. अंतराळातलं एक शहर, चकचकीत भिंती, लुकलुकणारे दिवे. आम्ही भावंडं आणि शेजारची चार-सहा मुलं डोळे फाडून बघत बसायचो.

अम्मी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर उभी राहून बघायची. बसायची नाही, कारण मागे चुलीवर तवा असायचा. एकदा तिनं तिथूनच विचारलं, “क्यों रे, ये लोग महीने-महीने ऊपर रहते, तो वहाँ रोटी कौन पकाता? कपड़े कौन धोता?”

आम्ही सगळे हसलो. मी तेव्हा कॉलेजात जायला लागलेलो, म्हणजे सर्वात शहाणा. मी म्हणालो, “अम्मी, वहाँ सब काम मशीन करती.” ती म्हणाली, “अच्छा है,” आणि आत गेली.

श्रोतेहो, तो प्रश्न किती नेमका होता हे कळायला मला तीस वर्षं लागली. विज्ञानकथेच्या मालिकांनी जुन्या घरगुती गोष्टी उचलून आकाशात नेल्या, त्याचा इतिहास आज मला तुमच्यापुढे मांडायचा आहे. आणि तो अम्मीच्या त्या उंबरठ्यावरूनच मांडायचा आहे.

सुरुवात एका बेटापासून करावी लागते. डॅनियल डिफोची ‘रॉबिन्सन क्रूसो’ ही कादंबरी १७१९ साली लंडनला प्रसिद्ध झाली. जहाज फुटून एकटाच माणूस निर्जन बेटावर येतो आणि वर्षानुवर्षं तगून राहतो, ही गोष्ट आपल्याकडेही शाळकरी मुलांना ठाऊक असते. पण बेटावरच्या एकट्या माणसाची ही पहिली गोष्ट नव्हे. बाराव्या शतकात अंदलुसियात, म्हणजे आजच्या स्पेनमध्ये, इब्न तुफैल नावाचा एक वैद्य आणि तत्त्वज्ञ होऊन गेला. त्यानं अरबीत ‘हय्य इब्न यक़ज़ान’ नावाची गोष्ट लिहिली. तिचं लॅटिन भाषांतर १६७१ साली ऑक्सफर्डला छापलं गेलं आणि अरबीतून केलेलं इंग्रजी भाषांतर १७०८ साली आलं, क्रूसोच्या अकरा वर्षं आधी. डिफोनं ते वाचलं होतं की नव्हतं, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

त्या गोष्टीत बेटावर एक तान्हं मूल आहे आणि त्याला एक हरिणी दूध पाजून वाढवते. पुढे ती हरिणी मरते. मुलाला मृत्यू म्हणजे काय हे माहीतच नाही. तो हाका मारतो, ती उठत नाही. तिच्या आत काहीतरी बिघडलं असेल, ते दुरुस्त करू, म्हणून तो तिची छाती उघडून बघतो. त्याची सगळी पुढची विद्या, शरीराची आणि ताऱ्यांची, तिथून सुरू होते. आपली आई का उठत नाही, हा त्याचा पहिला वैज्ञानिक प्रश्न. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढच्या कथांमध्ये हा प्रश्न हरवत गेला.

एकट्या माणसाच्या जागी पूर्ण कुटुंब आलं ते १८१२ साली. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात योहान डेव्हिड वीस नावाचे एक धर्मोपदेशक होते. त्यांना चार मुलगे. मुलांना शहाणपण शिकवावं म्हणून त्यांनी गोष्ट रचली: आई, वडील आणि चार मुलगे बेटावर अडकतात. ती हस्तलिखितं त्यांच्या एका मुलानं संपादित करून झुरिचला छापली, दुसऱ्यानं चित्रं काढली. पुस्तकाच्या मूळ जर्मन नावाचा अर्थ ‘स्विस रॉबिन्सन’, म्हणजे स्वित्झर्लंडचा क्रूसो. इंग्रजीत जाता जाता त्याचं ‘स्विस फॅमिली रॉबिन्सन’ झालं आणि लोकांना वाटू लागलं की या घराण्याचं आडनावच रॉबिन्सन आहे. मूळ पुस्तकात त्यांना आडनाव नाही. आपल्याकडे कचेरीतल्या कारकुनानं एकदा चुकीचं नाव लिहिलं की पिढ्यान्‌पिढ्या तेच चालतं, तसंच हे. पुढे तेच चुकीचं आडनाव लावून ते कुटुंब अंतराळात गेलं.

या पुस्तकात गोष्ट सांगतात वडील. मुलांची नावं पानोपानी येतात: फ्रिट्झ, अर्नेस्ट, जॅक, फ्रान्झ. आईचा उल्लेख मात्र बहुतेक ठिकाणी नुसता ‘माझी बायको’ किंवा ‘आई’. तिच्याजवळ एक पिशवी आहे. फुटलेल्या जहाजातून उतरताना तिनं ती बरोबर घेतलेली असते आणि सुई म्हणू नका, दोरा म्हणू नका, बी-बियाणं म्हणू नका, लागेल ते त्यातून निघतं. घरची मंडळी तिला जादूची पिशवी म्हणतात. तिथे जादू काहीच नाही. बुडत्या जहाजावरही एक बाई पुढच्या महिन्याचा विचार करत होती, एवढाच त्याचा अर्थ. पण एका बाईच्या हिशेबी डोक्याला जादू म्हटलं की तिचं श्रेय देण्याची गरज उरत नाही.

दीडशे वर्षांनी जगात नवी बेटं शिल्लक राहिली नाहीत. नकाशे भरले. १९५७ साली स्पुटनिक उडाला, १९६१ साली युरी गागारिन पृथ्वीभोवती फिरून आला, आणि गोष्टी सांगणाऱ्यांना नवा समुद्र सापडला. १९६२ साली अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. ‘स्पेस फॅमिली रॉबिन्सन’ नावाचं चित्रकथांचं मासिक निघालं आणि दूरचित्रवाणीवर ‘द जेट्सन्स’ ही व्यंगचित्र मालिका सुरू झाली. जेट्सन कुटुंब शंभर वर्षं पुढे, २०६२ साली राहतं. उडत्या मोटारी आहेत, बटण दाबलं की जेवण. घरकामाला रोझी नावाची यंत्राची मोलकरीण आहे. नवरा कामावर जातो आणि बायको घर सांभाळते. एक शतक पुढे जाऊनही घराची मांडणी १९६२ चीच होती.

मग १५ सप्टेंबर १९६५ रोजी अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर आयर्विन ॲलन यांची ‘लॉस्ट इन स्पेस’ आली. पृथ्वीवर गर्दी झाली म्हणून प्रोफेसर जॉन रॉबिन्सन, त्यांची पत्नी मॉरीन, दोन मुली, एक मुलगा आणि एक वैमानिक १९९७ साली दुसऱ्या ताऱ्याकडे निघतात. एक घातपाती माणूस यानात लपून बसतो, यान भरकटतं आणि कुटुंब अंतराळात हरवतं. जहाजाचं यान झालं, बेटाचा ग्रह झाला. मालिका १९६८ पर्यंत चालली, ८३ भाग झाले आणि ती बंद पडली. शेवट लिहिलाच गेला नाही. त्यामुळे ते रॉबिन्सन कधी घरी पोचलेच नाहीत.

यातली मॉरीन जीवरसायनशास्त्रज्ञ आहे. सुरुवातीला तसं सांगितलं जातं. नंतर ती आपल्याला दिसते ती पाण्यावर वाढवलेल्या भाज्यांच्या बागेत, जेवण वाढताना आणि कपडे धुताना. यानात कपडे धुण्याचं एक यंत्र आहे, त्यातून कपडे घडी घालून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळूनच बाहेर येतात. म्हणजे मी १९८९ साली अम्मीला दिलेलं उत्तर अगदीच खोटं नव्हतं. काम मशीन करते. पण मशीनपाशी उभी कोण? मॉरीनच. मॉरीनचं काम करणाऱ्या अभिनेत्री जून लॉकहार्ट त्याआधी ‘लॅसी’ या कुत्र्याच्या मालिकेत शेतावरच्या घरातली आई होत्या. शेतावरच्या स्वयंपाकघरातून त्या यानातल्या स्वयंपाकघरात आल्या. आणि गंमत अशी की मालिका सुरू होण्याच्या दोन वर्षं आधी, जून १९६३ मध्ये, व्हॅलेंतिना तेरेश्कोवा ही कापड गिरणीत काम केलेली रशियन मुलगी एकटी यान घेऊन पृथ्वीभोवती फिरून आली होती. वास्तव कल्पनेच्या पुढे निघून गेलं होतं.

आता यंत्राकडे येऊ. ‘रोबोट’ हा शब्द जगाला दिला तो चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकानं. तो ज्या चेक शब्दावरून आला, त्याचा अर्थ वेठ. बिनमोबदल्याचं, सक्तीचं काम. मराठीत आपण ‘यंत्रमानव’ म्हणतो आणि पुल्लिंगी चालवतो. पण आपल्या टीव्हीवर यंत्रमानव घरात आला तो कोणत्या रूपात, ते बघा.

१९८५ ते १९८९ या काळात अमेरिकेत ‘स्मॉल वंडर’ नावाची मालिका चालली. नव्वदच्या दशकात ती हिंदी आवाजात आपल्याकडे आली आणि घरोघरी पोचली. एक तंत्रज्ञ यंत्राची मुलगी बनवतो, विकी तिचं नाव, आणि शेजाऱ्यांना कळू नये म्हणून तिला मुलगी म्हणून घरात ठेवतो. ही खरी तर पिनोकिओचीच गोष्ट. इटलीच्या कार्लो कोलोदीनं १८८३ साली पुस्तकरूपात आणलेला लाकडी बाहुला, ज्याला खरा मुलगा व्हायचं असतं. फरक एवढाच की पिनोकिओ उनाड आहे, शाळा बुडवतो, खोटं बोलतो. विकी सांगितलेलं सगळं ऐकते, घरकाम करते आणि रात्री तिला कपाटात उभं करून ठेवतात. बाहुला मुलगा असतो तेव्हा त्याला खोड्या करायला मिळतात. बाहुली मुलगी झाली की ती कामाला लागते.

२००३ साली याच कल्पनेवर स्टार प्लसनं ‘करिश्मा का करिश्मा’ काढली. झनक शुक्ला या छोट्या मुलीनं ते काम फार गोड केलं. तोपर्यंत आमच्याकडे रंगीत टीव्ही आला होता आणि अम्मी पलंगावर बसून बघायची, कारण तिला फार वेळ उभं राहवत नव्हतं. एक भाग संपल्यावर ती शांतपणे म्हणाली, “मशीन बनाई, तो भी लड़की ही बनाई.” या वेळी मी हसलो नाही.

ती २०१६ पर्यंत असती तर आणखी काय म्हणाली असती कोण जाणे. त्या वर्षी तेव्हाच्या लाइफ ओके वाहिनीवर ‘बहू हमारी रजनी कांत’ आली. मुंबईतल्या एका घरात शास्त्रज्ञ मुलानं बनवलेला रोबोट सून म्हणून वावरतो आणि घरच्यांना ते ठाऊक नसतं. सासू-सुनेच्या मालिकांची टिंगल म्हणून ती रचलेली होती आणि मजेदारही होती. पण टिंगलीतून खरं बोललं जातं. सून यंत्र आहे हे घरात कुणाच्या लक्षात येत नाही, यात यंत्राचं कौतुक कमी आणि सुनेकडून आपल्या अपेक्षा काय असतात त्याचा कबुलीजबाब जास्त आहे. चापेकचा वेठीचा शब्द शंभर वर्षं फिरून बरोबर घरी आला.

ही गोष्ट आपल्या मातीला नवी नाही. आमच्या भागात भुलाबाई बसतात, कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात. लहानपणी शेजारच्या घरी डब्यात कोणता खाऊ आहे हे ओळखायला मीही धावत जायचो आणि ती गाणी कानावर पडायची. सून माहेरी जायची परवानगी मागते आणि सासू एकेक काम पुढे करत जाते. हे पेर, ते उगवू दे, ते शिजव, मग जा. गाण्यातली ती सून आणि टीव्हीवरची ती रोबोट यांच्यात तारेचा आणि बॅटरीचाच काय तो फरक.

मग मराठी विज्ञानकथेनं घराकडे कसं पाहिलं? इथे आठवण होते ती डॉ. जयंत नारळीकरांची. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ना. वि. जगताप या नावानं पाठवली, आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून. तिला बक्षीस मिळालं. १९७९ साली ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा संग्रह आला. त्यात ‘पुत्रवती भव’ नावाची कथा आहे. मुलगा हवा की मुलगी हे विज्ञानानं आधीच ठरवता येऊ लागलं तर समाजाचं काय होईल, हा तिचा विषय. ज्या आशीर्वादाला आपण घरोघरी मान डोलावतो तोच त्यांनी शीर्षकाला घेतला आणि त्यातली भीती दाखवली. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्रानं त्यानंतर नऊ वर्षांनी, १९८८ साली केला आणि केंद्रानं १९९४ साली. पडद्यावरच्या मालिका यान रंगवत होत्या त्या काळात एक मराठी लेखक कागदावर घराच्या आत डोकावत होता. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. त्यांच्या पत्नी मंगला नारळीकर स्वतः गणितज्ञ होत्या. संसार आणि मुली सांभाळत वाट काढून त्यांनी १९८१ साली पीएच.डी. मिळवली आणि पुढे सामान्य वाचकांना कळेल असं मराठीत गणितावर लिहिलं. २०२३ साली त्या गेल्या.

आता आपल्या वर्ध्याचं सांगतो. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचा कारभार वर्ध्याच्या मगनवाडीतून चालू लागला. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. १९३८ च्या डिसेंबरात तिथे मगन संग्रहालय उघडलं. घाणी, चरखे, जाती, हातकागद, असल्या रोजच्या वस्तूंवर तिथे डोकं चालवलं जाई. त्याच मगनवाडीचं नाव बिनधुराच्या ‘मगन चुली’ला मिळालं. धूर नळीनं बाहेर जावा आणि सरपण कमी लागावं, एवढीच युक्ती. तिच्यात लुकलुकणारे दिवे नव्हते, कुणी तिच्यावर मालिका काढली नाही. पण बाई रोज सहा तास कुठे बसते, हे आधी बघून मग त्या लोकांनी विज्ञान हातात घेतलं होतं. अंतराळातल्या मालिकांना जे सुचलं नाही ते आमच्या जिल्ह्याच्या गावात कितीतरी आधी सुचलं होतं.

दुःख याचं की मगनवाडी आमच्या आर्वीपासून एसटीनं दीड-दोन तासांवर, पण ती चूल आमच्या घरात आली नाही. आणायला कुणी जायला हवं होतं, आणि घरातल्या पुरुषांपैकी कुणाला ते सुचलं नाही. मलाही नाही. आमच्याकडे टीव्ही आधी आला, गॅस कितीतरी नंतर. शेवटच्या आजारात अम्मीच्या छातीचा एक्स-रे दिव्यासमोर धरून डॉक्टरांनी विचारलं, “या बिडी ओढायच्या का?” मी म्हणालो, नाही. “मग चूल?” मी मान हलवली. इब्न तुफैलच्या त्या मुलानं निदान आईच्या छातीत काय बिघडलं ते स्वतः शोधलं होतं. मला दुसऱ्यानं सांगावं लागलं.

२०१९ साली ‘मिशन मंगल’ हा चित्रपट आला. मंगळयानावर काम करणाऱ्या स्त्रियांची गोष्ट. त्यात गॅस बंद केल्यावरही तापलेल्या तेलात पुऱ्या तळल्या जातात, हे बघून नायिकेला इंधन वाचवण्याची कल्पना सुचते. चित्रपटगृहात टाळ्या पडल्या. मीही वाजवली. चुलीपाशीही विद्या असते, हे कुणीतरी मोठ्यानं सांगितलं म्हणून. पण घरी येताना मनात आलं, पुरुष शास्त्रज्ञाला कल्पना सुचायची असेल तर त्याला आधी पुऱ्या तळाव्या लागत नाहीत.

२०२० साली टाळेबंदीत लेक पुण्याहून घरी आली होती. तिच्या लॅपटॉपवर आम्ही ‘लॉस्ट इन स्पेस’ पाहिली, २०१८ साली नेटफ्लिक्सनं नव्यानं केलेली. मग जुन्या मालिकेचेही काही भाग तिनं शोधून काढले. नव्या मालिकेत मॉरीन यानाची अभियंता आहे आणि मोहिमेचे निर्णय तीच घेते. ती चुकते, मुलासाठी एक लबाडीही करते. थोरली मुलगी अठराव्या वर्षी डॉक्टर आहे. आईला चुकण्याचा हक्क मिळायला त्रेपन्न वर्षं लागली. मी हे लेकीला मोठ्या उत्साहानं समजावून सांगत होतो. स्वयंपाकघरातून तिच्या आईचा आवाज आला, “थांबवा जरा, मला पण बघायचंय. चारच भाकरी राहिल्या.”

लेकीनं मालिका थांबवली. १९८९ साली ही सोय नव्हती, हेही खरं. ती म्हणाली, “अब्बा, आप अंदर जाओ और अम्मी को बाहर भेजो.”

मी गेलो. त्या दिवशीच्या भाकरीचा आकार रेडिओवर सांगण्यासारखा नाही. बाहेर मालिका पुन्हा सुरू झाली, तेव्हा तवा तसाच ठेवून मी उंबरठ्यावर येऊन उभा राहिलो. तिथून पडदा तिरका दिसतो आणि अर्धं बोलणं ऐकू येत नाही. घर तेच, उंबरठा तोच. अम्मीनं सगळ्या मालिका तिथूनच पाहिल्या होत्या.